रेडिएटरमधली पावशेर हळद

गाडीच्या रेडिएटरमध्ये मी पावशेर हळद ओतली. रेडिएटर गळायला लागला की चिमूटभर टाकतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी ओतली, आणि वर डबा आपटून आपटून तळाला चिकटलेलीसुद्धा आत झटकली. साठीला टेकलेली बाई, घरात सून आलेली, पोटात एवढी आग कशाची होती म्हणून विचाराल, तर मत्सराची. नातवंडांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा 'मायेपोटी' असं म्हणते. इथं खोटं कशाला बोलू?

आमचे हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. जन्मभर उसाच्या गाड्यांची वजनं केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच एक गाडी घेऊन आले. लग्नाची वऱ्हाडं वाहून थकलेली जुनी मिनीबस. तिच्यातल्या सीटा काढल्या, फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडी बसवली, प्लॅस्टिकच्या टाकीला नळ जोडला, आणि माझं एक बरं लुगडं मला न विचारता फाडून खिडक्यांना पडदे केले.

"हे आपलं फिरतं घर," म्हणाले.

"उभं घर झाडून हुईना, आता फिरतं झाडू व्हय?" मी म्हटलं, आणि शेजारपाजारच्या बायका जमवून तिला 'चाकावरचं खुराडं' असं नाव ठेवलं. गल्लीभर तेच नाव झालं. मला भारी मजा वाटली होती.

पण घर फिरायला तयार नव्हतं. अंगणात उभं, आणि पोटाखाली हिरव्या पाण्याचं थारोळं. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती जे पाणी खेळवतात, ते गळत होतं. हे त्याला कूलंट म्हणायचे आणि पहिलटकरणीला दूध पाजावं तसं जपून गाडीला पाजायचे. आधी रबरी पाइपला चीर निघाली. नवा पाइप घातला, तर त्याच्यावरची पट्टी सैल. पट्टी आवळली, तर खालून रेडिएटरचा सांधाच पाझरायला लागला. माझी भाकरीची जुनी परात गळती झेलायला गाडीखाली गेली, ती काही परत चुलीपाशी आली नाही.

सांध्याचं काम घरी होण्यासारखं नव्हतं. मग हे उद्यमनगरातल्या एका बोळात रेडिएटरच्या दुकानात गेले. दुकान एका बाईचं होतं. बापाकडून शिकलेली, मुसलमानाची लेक, नवरा रिक्षा चालवणारा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त 'बाई' एवढंच कळलं, आणि तेवढं पुरलं.

पहिल्या दिवशी हे जेवायच्या वेळेला परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला. मग आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायला लागले. साऱ्या नोकरीत ह्या माणसानं शर्टाची बटणं कधी धड लावली नव्हती.

"ती बाई म्हणती, रेडिएटरला नळाचं पाणी घालू नये. आतनं गंज धरतोय."

"बरं."

"ती बाई म्हणती, सांधा आधी घासून लख्ख केला पायजे. घाई केली की कथील धरत न्हाय."

"बरं. आन् आमटीला मीठ किती घालावं म्हणती ती बाई?"

हे घास हातात धरून खरंच विचारात पडले. "ते न्हाय विचारलं," म्हणाले.

मग एकदा भाकरी मोडता मोडता सहज बोलून गेले, "तिचा हात लई हलका हाय." झालं. भांडी घासताना मी माझे हात उलटेसुलटे करून बघितले. जन्मभर भाकऱ्या थापलेले पंजे, हलके कुठून असणार! मनातल्या मनात मी त्या बाईला रूप द्यायला लागले. आधी गोरी केली. मग उंच केली. मग केस कमरेपर्यंत सोडले. रोज थोडी थोडी भर घालत गेले, आणि थोड्याच दिवसांत ती इतकी देखणी झाली की माझी मलाच तिच्यापुढं उभं राहायची छाती होईना. असली अक्कल होती माझी. आज ती तेव्हाची मी समोर आली तर तिला पाटावर बसवून दोन तास चेष्टा करीन.

पण चेष्टेखाली एक खरं होतं. घरात हे बोलायचे नाहीत. हूं, हाय, न्हाय, संपलं. आणि तिथं दिवस दिवस बसत होते, म्हणजे गप्प तर बसत नसणार. मुलगा-सून पुण्याला. उरलेलं आयुष्य मला ह्याच माणसाबरोबर काढायचं होतं. त्याचं सगळं बोलणं बोळातल्या दुकानात संपून तो रिकामा घरी येणार असेल, तर माझ्या वाट्याला काय उरणार होतं?

एका शनिवारी सांधा भरून गाडी घरी आली. रविवारी सकाळी बघते तर त्याच्या शेजारचाच दुसरा सांधा टिपकतोय. हे ते बघून न्हाणीत गेले होते. म्हणजे उद्या परत भांग, परत इस्त्री.

माझा भाऊ शाहूवाडीकडनं भाताची पोती आणायचा टेम्पो चालवायचा. घाटात रेडिएटर गळायला लागला की तो चिमूटभर हळद टाकायचा. ती जाऊन भोकात बसते आणि गाडी दुकानापर्यंत तरी पोचते. मी हिशेब केला: चिमटीनं गाडी दुकानापर्यंत पोचते, तर पावशेरानं दुकान कायमचंच सुटेल.

स्टूल घेतलं, पुढचं झाकण उचललं, डबा उपडा केला. हात पुसले आणि आत येऊन पोहे परतले.

आणि टिपकणं थांबलं हो! हे परातीपाशी गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत राहिले. मी दारात उभी, पदर सावरून, कौतुकाची वाट बघत. कोणी केलं हे म्हणून विचारतील, मग मी जरा आढेवेढे घेईन.

"आयला, बंद झालं की गं!" हे म्हणाले. "बघ, तिनं एक भरला तर शेजारचा सांधा बी बसला आपोआप. म्हटलं न्हवतं, हात हलका हाय?"

हळद माझी आणि नाव तिचं! सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. मी म्हटलं, "चला, जोतिबाला जाऊ. आज रविवार हाय." निदान गाडी चालेल तर शेजारी मी बसलेली असेन. चांगली साडी नेसले, गजरा माळला, आणि पुढच्या सीटवर अशी बसले की गल्लीतल्या बायकांना नीट दिसावी. खुराडं म्हणणारी मीच, हे त्या विसरल्या असतील अशी आशा होती.

जोतिबाचा चढ निम्मा झाला असेल नसेल. आधी वास आला.

"कुठं आमटी शिजतीय गं?" ह्यांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर डोंगर बघत बसले. मग इंजिनाच्या तापाचा काटा चढला, पुढून वाफ निघाली, आणि ह्यांनी गाडी कडेला घेतली. आम्ही उतरून लांब उभे राहिलो, तेवढ्यात रबरी पाइप निसटला आणि पिवळ्याधमक पाण्याचं कारंजं उडालं. वारं नेमकं माझ्या बाजूचं. साडी, गजरा, चष्मा, सगळं पिवळं. दर्शन करून उतरणारी माणसं गुलालानं लालगुलाबी झालेली, आणि त्यांच्या मधोमध मी अशी.

एक जण ओरडला, "ओ पावणं! जोतिबाला निघालाय न्हवं? का वाट चुकून जेजुरीला आलासा?"

सगळा घाट हसला. हे हसले नाहीत. खिशातून फोन काढला आणि यादीत नाव न शोधता तिचा नंबर बोटांनी धडाधड दाबला. तोंडपाठ! माझा नंबर ह्यांना आजतागायत पाठ नाही.

तिनं सांगितल्याप्रमाणे गाडी निवू दिली, पाइप परत चढवून आवळला, नारळ-गुलालवाल्या एका दुकानदारानं दिलेलं घागरभर पाणी ओतलं आणि थांबत थांबत खाली उतरलो. रस्ताभर ह्यांचे डोळे त्या काट्यावर. मीच बोलत होते. "तिनंच काईतरी घातलं असणार आत. गाडी सारखी बिघडली म्हंजे गिऱ्हाईक सारखं येतंय. मी आधीपासनं सांगतोय, त्या बाईचं लक्षण ठीक न्हाय." बोलताना माझी बोटं मी साडीखाली लपवली होती.

रविवार असून तिनं दुकान उघडलं होतं. मी गोरी, उंच, कमरेपर्यंत केस असलेली बाई शोधत होते. पुढं आली ती पन्नाशीकडं झुकलेली, ठेंगणी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आवाज उसाच्या घाण्यासारखा.

"या मामा, या! हे काय, हळदीला बसवून आणलासा व्हय गाडीला?"

मामा! दुसरी एखादी असती तर ह्या एका शब्दावर तिचा जीव भांड्यात पडला असता. पण मी गडहिंग्लजच्या पलीकडची. आमच्या कर्नाटक सीमेकडं मामालाच पोरगी देतात. माझी आग तसूभर कमी झाली नाही.

तिनं रेडिएटर सोडवला, फळीवर उपडा घातला आणि ठोकला. पिवळा चिखल बदाबदा पडला. त्यातला थोडा बोटावर घेऊन तिनं वास घेतला.

"हळद चांगली हाय. सांगलीची दिसती," म्हणाली.

"तुमीच घातली असशीला," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघायला लागली, म्हणजे माझ्या बोटांकडं. आणि तेवढ्यात हे, सबंध वाटेत गप्प राहिलेला माणूस, अगदी शांतपणे म्हणाले, "सकाळी पोहं पांढरं का हुतं, ते मला आत्ता कळलं."

ती खदाखदा हसली. चष्मा काढून डोळे पुसले. मला त्या चिखलात डोकं खुपसावंसं वाटलं. हे कोपऱ्यावर चहा सांगायला गेले.

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मी पुढं झाले आणि सरळ विचारलं, "ह्यांचं रोज रोज काय काम असतंय तुझ्याकडं?"

ती तारेच्या ब्रशनं नळ्या घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "कसलं काम? बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

"काट्यावरचं. ऊसतोडीच्या बैलगाड्या यायच्या न्हवं का? गाडीवान म्होरं बसलेला, बायकू मागं उसावर. सगळा संसार गाडीतच. आन् वजन हुईपातूर दोघांचं आपलं काय-बाय बोलणं चालायचं. मामा खिडकीतनं बघत बसायचं. म्हणायचं, आपली बायकू घरात, आपण हितं, आपलं बोलणंच हुईत न्हाय. रिटायर झालो की आपण बी दोघं असंच गाडीतनं हिंडायचं. म्हणून तर घेतली म्हणत्यात ही."

ऊसतोडीच्या बाईचे हाल मी जवळून बघितलेत. तिचा हेवा वाटायला माणूस खुर्चीतच बसलेला हवा. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की हे सगळं हिला माहीत आहे आणि मला ह्यातलं अक्षर माहीत नाही. आतापर्यंत जळत होते तो नुसता धूर होता, खरी पेटले ती तिथं, त्या दुकानात. ती देखणी असती तर परवडलं असतं. रूप आज ना उद्या उतरतं. पण ह्यांनी जे तिला सांगितलं ते पहिल्यांदा ऐकायचा मान गेला, तो मी कुठून परत आणणार होते?

"मग मला सांगाय काय झालं हुतं?" मी म्हटलं, आणि रडू यायच्या जागी माझ्या तोंडातून ते माझं नेहमीचं खुसखुसणं सुटलं.

तिनं ब्रश खाली ठेवला.

"तुमास्नी काय बी सांगितलं की तुमी हसताय म्हणं, मामी. बघा, आत्ता बी हसाय लागलासा."