तळ्याच्या पाळीवरचं दुकान

दिघोरीच्या तिघी बाया फोनवरून चिन्नोर तांदूळ विकतात, एवढं ऐकूनच लोक हसतात. मग मी एक किस्सा सांगते, त्याला दुसरा चिकटून येतो आणि चहा थंड होतो. तिघी म्हणजे मी, माझी जाऊ शोभा आणि शेजारच्या, साठी ओलांडलेल्या अनुसयाकाकू.

सुरुवातीला गावात कवरेज नव्हतं, मिळायचं फक्त तळ्याच्या पाळीवर. ऑर्डरी बघायला आम्ही रोज सकाळी तिथं सतरंजी टाकून बसायचो. चौथ्या दिवशी ग्रामसेवक धावत आले. बाया उपोषणाला बसल्या, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"मागणी काय तुमची?"

आम्ही दोघी गडबडलो. काकू म्हणाल्या, "टावर."

त्यांनी ते लिहूनही घेतलं. पुढच्या वर्षी टॉवर आला. कशामुळे ते माहीत नाही, पण काकू आजही त्याला 'माहा टावर' म्हणतात.

*

पहिला फोटो शोभानं काढला. काकूंच्या पितळी गुंडीत तांदूळ भरून, उन्हात ठेवून. झकास आला. आठवडाभरात तिघांनी विचारणा केली. तिघांनाही गुंडी हवी होती.

काकूंनी प्रत्येकाला व्हॉइस मेसेज पाठवला. "गुंडी माह्या मायची हाये, थे इकाची नाही. तांदूळ घ्या."

दोघांनी घेतला. तेव्हापासून फोटो स्टीलच्या ताटात.

*

ट्रेनिंगला आलेल्या सरांनी आम्हाला दिवसभर एकच घोकवलं: ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आमचं खातं उघडायला बसले आणि काकूंना ओटीपी विचारला. काकूंनी फोन पदराखाली घेतला.

"तुमीच तं सांगतलं, कोणालेच सांगू नोका. तुमी बी कोणातच आले."

सरांनी तासभर विनवण्या केल्या. शेवटी काकूंनी त्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटानं आकडे स्वतः टाकले. त्याआधी त्यांनी फोनवर कधी काही टाइप केलं नव्हतं.

*

परवा साकोलीच्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी विचारलं, तुमचा ऑनलाइन धंदा वाढला कशानं? मी घडाघडा सांगितलं: टॉवर, स्वस्त डेटा, ट्रेनिंग, घरून माल उचलणारा कुरिअरवाला. साहेब खुश झाले. काकू आणि शोभा मात्र आल्या नव्हत्या. अकराला कॉल आहे म्हणाल्या.

नागपूरच्या एक बाई दर महिन्याला तांदूळ मागवायच्या. त्या वारल्या. त्यांच्या नवऱ्यानं मेसेज टाकला, आता पाठवू नका, शिजवणारी गेली. शोभानं यादीतून नाव काढलं. काकूंनी ते परत घालायला लावलं आणि त्या गृहस्थांना फोन केला. "उद्या अकराले भाताचा गंज घेऊन बसा, भाऊ."

तोच हा व्हिडिओ कॉल. फोन शोभानं धरला होता, तिनंच मला सांगितलं. त्या गृहस्थांनी तांदूळ धुतले, पातेलं कॅमेऱ्यासमोर आणलं आणि पाणी किती, विचारलं. काकू म्हणाल्या, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर.

"कोणाच्या बोटाचं?" तिकडून आवाज आला. "तिचं बोट लहान होतं."

काकूंनी आपलं बोट फोनच्या काचेवर ठेवलं.

"लावा तुमचं बाजूले," त्या म्हणाल्या. "पाहू."