शाबासकीची बाटली

शालिनी मॅडम सकाळी आल्या की आधी आमच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, आमच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघायच्या. गाऊन चढवायच्या खोलीबाहेर एक लोखंडी फळी होती, तिच्यावर आम्ही पॅकिंगच्या बायका आपापल्या बाटल्या ओळीने ठेवायचो. आत पाणी न्यायला मनाई होती आणि ती रास्तच होती. पण संध्याकाळी सुटताना मॅडम पुन्हा त्या फळीसमोर उभ्या राहायच्या आणि जिची बाटली सकाळसारखीच काठोकाठ भरलेली असेल तिच्या पाठीवर थाप मारायच्या. "ही बघा आमची वनिता. दिवसभरात घोटभर नाही प्यायली. अशी पाहिजे बाई." आणि ती बाई देवाशपथ खूश व्हायची. भरलेली बाटली पिशवीत टाकून घरी न्यायची.

निवृत्त झालेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहायची रीत आहे. मला ते जमणार नाही. मला शालिनी मॅडमचा राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. फक्त त्यांना 'अहो-जाहो' करायची सवय काही सुटत नाही. तीही त्यांनीच लावलेली.

आमची कंपनी बोईसरला लागून असलेल्या तारापूर एमआयडीसीतली, नाव सांगण्यासारखं काही नाही. तिथे लघवीच्या त्रासावरच्या कॅप्सूल बनायच्या. गोखरू, पुनर्नवा, वरुणाची साल आणि बाहेरदेशातून येणारी क्रॅनबेरी नावाच्या फळाची लालसर भुकटी. पलीकडच्या खोलीत कॅप्सूल भरल्या जायच्या, आमच्याकडे त्या बाटलीत पडायच्या. आम्ही झाकण, सील, लेबल आणि खोकं बघायचो. लेबलवर एक गोरीपान बाई हातात पाण्याचा पेला घेऊन हसत असे. तिच्या खाली 'मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी, संपूर्ण नैसर्गिक' अशा अर्थाचं हिंदीत आणि इंग्रजीत छापलेलं. अख्ख्या बोईसरात मूत्रमार्गाचे हाल कोणाचे असतील तर ते ह्या बाटल्या भरणाऱ्या आमच्यासारख्यांचे होते.

कारण साधं होतं. संडास होता आवाराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामाच्या मागे. तिथे जायचं तर टोपी, मास्क, हातमोजे, गाऊन, पायातली कव्हरं सगळं उतरवायचं, उन्हातून चालत जायचं, परत येऊन हात धुऊन पुन्हा सगळं चढवायचं. एक बाई उठली की तिच्या जागी बाटल्या साचायच्या. म्हणून मॅडमचा नियम होता, जायचं ते जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीत तिथे ही रांग. निम्म्या बायका डबा खायचा की रांगेत उभं राहायचं ह्यातलं एक निवडायच्या. उरलेल्यांनी सोपा मार्ग काढला होता, पाणीच प्यायचं नाही.

"पाणी तहानेला प्यायचं असतं, चाळा म्हणून नाही," असं मॅडम म्हणायच्या. दुसरं त्यांचं आवडतं वाक्य होतं, "कळ सोसायची असते, दाखवायची नसते." स्वतः त्या लाईनच्या टोकाला उंच स्टुलावर बसायच्या, घट्ट अंबाडा, पांढऱ्या कोटाखाली कडक इस्त्रीची साडी. दिवसभरात एकदाही त्या स्टुलावरून त्या कामाला म्हणून उठलेल्या मी पाहिल्या नाहीत. ह्या बाईला देवाने वेगळ्याच मातीची बनवली असावी, असं आम्ही आपसात बोलायचो.

आता कोणी म्हणेल, बाई दुष्ट असेल. तसं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. सगळ्यांच्या पोरांची नावं, इयत्ता, दुखणी त्यांना पाठ. माझी आई गेली तेव्हा आम्ही नवराबायको सांगलीकडे गावी जाऊन आलो, आणि दुसऱ्याच दिवशी मॅडम बोईसरला आमच्या भाड्याच्या खोलीवर आल्या. फरशीवर बसल्या, माझा हात हातात धरून ठेवला. मायाही त्यांनी केली आणि गळाही त्यांनीच दाबला, म्हणून तर माझा राग जिरत नाही.

त्यांच्या मायेचा एक खण होता. लेबल तिरकं बसलेल्या, खोका चेपलेल्या बाटल्या बाजूला निघायच्या, त्या मॅडम आपल्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवायच्या. कोणी जळजळ होते म्हणून कुजबुजली की खण उघडायचा. "घे, गुपचूप घे. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. आपलंच औषध आहे, आपल्याला नाही लागू पडणार तर कोणाला पडेल?" बायका डोळ्यांत पाणी आणून ती बाटली घ्यायच्या. बाजारात ती आम्हाला परवडणारी नव्हती, त्यामुळे मॅडमचे उपकार वाटायचे.

दांडी गावची हिराबाई तेवढी घ्यायची नाही. कोळीवाड्यातली, वयाने माझ्याहून मोठी, तोंडाने कोणाला न ऐकणारी. ती म्हणायची, "आमचे बाप्ये होडीवर जातात, कवा पण मोकळं होतात, कोणाला विचारायला लागत नाय. आमी इथे जमिनीवर हाव, तरी परवानगी पायजे. मंग वरून ही गोळी कशाला?" आम्ही हसायचो आणि कामाला लागायचो.

वनिता मासवणची. नवऱ्याची डोंगरउतारावर पावसाच्या भरवशाची थोडी भातशेती, उरलेलं वर्ष तिच्या पगारावर. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. पाण्याच्या बाटलीची शाबासकी सगळ्यात जास्त वेळा तिला मिळालेली. एके दिवशी हात धुताना ती माझ्या कानाशी लागली. "ताई, लय जळजळ होते. लघवीतून रगत पन जाते. कोणाला सांगू नको." मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, "मॅडमला सांगितलंय. तिनं बाटली दिलीय. म्हणाली, एका घोटाबरोबर घे, जास्ती पाणी पिऊ नको, नायतर सारखं उठायला लागंल."

त्या आठवड्यात वनिता काम करता करता टेबलाला पोट टेकवून उभी राहायची. चेहरा पिवळा पडत चाललेला. मी मॅडमकडे गेले, म्हटलं हिला अर्धा दिवस सोडा, मी घेऊन जाते दवाखान्यात. मॅडमने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आम्ही काय कमी सोसलंय, सुरेखा? ह्याच लाईनला मी उभी होते, तुझ्या वयाची असताना. बाईमाणसाला हे चालायचंच. कॅप्सूलचा गुण यायला वेळ लागतो, नैसर्गिक आहे ते." मी परत माझ्या जागेवर आले. दोन दिवसांनी वनिताला थंडी वाजून ताप भरला आणि ती मशीनच्या पायाशी बसली ती उठेनाच.

पालघरला एका खाजगी दवाखान्यात मी आणि तिच्या नवऱ्याने तिला नेलं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, ओरडल्या नाहीत. लागण मूत्रपिंडापर्यंत पोचली आहे, दाखल करावं लागेल, एक मूत्रपिंड फार सुजलंय, वाचवायचा प्रयत्न करू, असं त्यांनी सांगितलं. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "मंग ती लावणीला वाकंल ना?" डॉक्टरीणबाईंनी दाखल करायचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले तर मॅडमने खण उघडला. एक नाही, तीन बाटल्या काढल्या आणि माझ्या पिशवीत घातल्या. "वनिताला दे. म्हणावं, मॅडमने पाठवल्यात, लवकर बरी हो." पिशवीची गाठही त्यांनीच मारली. मी त्या बाटल्या दवाखान्यात नेल्या, पण वनिताला दिल्या नाहीत, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी लेबल फिरवून वाचलं. "ह्यात विष काही नाही," त्या म्हणाल्या. "एखादीला हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर क्रॅनबेरीचा थोडाफार उपयोग होतोही. पण लागण झाल्यावर ती ह्याने जात नाही, तिला अँटिबायोटिकच लागतं. आणि ही बाई आठ-आठ तास पाणी पीत नसेल, लघवी अडवून धरत असेल, तर जगातली कुठलीही गोळी काय करणार? तुम्ही हे वाचलं नाहीत का कधी?" त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे बारीक अक्षरात छापलं होतं, 'भरपूर पानी के साथ लें.' आणि त्याखाली, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही.

मी ते लेबल किती बाटल्यांवर चिकटवलं असेल ह्याचा हिशेब नाही. सरळ बसलंय की तिरकं एवढंच मी बघत आले होते.

सकाळी लाईन सुरू झाल्यावर मी एक बाटली घेऊन मॅडमच्या स्टुलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य वाचलं. मशीनचा आवाज होता, तरी ऐकू गेलं. मॅडमने बाटली माझ्या हातातून घेतली, लेबल अंगठ्याने साफ केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "लेबल गिऱ्हाइकासाठी असतं, सुरेखा. जागेवर जा."

ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी हातमोजे काढले, टोपी काढली, गाऊन खुंटीला लावला आणि सरळ आवारातून संडासाकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं तर हिराबाई येत होती, तिच्या मागे बाकीच्या. आत लाईन बंद पडली. मॅनेजरसाहेब धावत आले तेव्हा आम्ही सगळ्या गोदामामागे रांग लावून उभ्या होतो. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मग हिराबाई म्हणाली, "साहेब, मुतायला आलोय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दम नाय धरवत." साहेबांनी मान खाली घातली. "मग जा ना," ते म्हणाले, "त्यात विचारायचं काय? असा नियम कुठे आहे?"

नियम कुठेच नव्हता. कंपनीने कधी केलाच नव्हता. वरचा कोणीतरी आपल्याला बोलेल, ह्या भीतीने मॅडमने तो स्वतःच्या मनाने काढला होता आणि इतकी वर्षं आमच्या पोटात कोंबला होता. त्या दिवसापासून लाईनवर एक जास्तीची बाई उभी राहू लागली, जी उठेल तिची जागा घ्यायला. एवढंच पुरेसं होतं. वनितासाठी मात्र उशीर झाला होता. तिचं एक मूत्रपिंड नावापुरतं उरलं. आम्ही ठेकेदाराकडून लागलेल्या बायका, त्या ठेकेदाराने तिला परत घेतलं नाही. मी मासवणला गेले तेव्हा ती ओट्यावर बसून होती आणि लावणीला तिची सासू वाकली होती. मॅडमबद्दल वनिता एक शब्द वाईट बोलली नाही. "मॅडम जीव लावायची, ताई," म्हणाली. मला तिचाही राग आला.

ह्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. कँटीनमध्ये समारंभ झाला, शाल, नारळ, समोसे. साहेबांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. बायकांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं. मी भाषणाऐवजी पिशवी उघडली. आम्ही सगळ्यांनी मिळून एक मोठी स्टीलची बाटली आणली होती, हिराबाईने ती कूलरच्या गार पाण्याने काठोकाठ भरली होती. ती मी मॅडमच्या हातात दिली आणि म्हटलं, "मॅडम, आमच्यासमोर प्या."

मॅडमला समजलं. त्यांनी झाकण काढलं, बाटली तोंडाला लावली. मी समोरच उभी होते, त्यांच्या गळ्याकडे बघत. गळा हलला नाही. ओठ तेवढे ओले झाले. त्यांनी झाकण पुन्हा घट्ट लावलं, पदराने ओठ टिपले आणि माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "घरी जाऊन पिते गं. बस पालघरला पोचेपर्यंत मध्ये कुठे उतरणार?"

तिथे मला त्यांची दया यायला हवी होती. मी वाट पाहिली, आली नाही. मला वनिताचा ओटा दिसत होता.

कंपनीची बस फाटकाबाहेर निघाली तेव्हा मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. शाल अंगावर, नारळ शेजारच्या सीटवर, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली ती बाटली, जशी भरून दिली तशीच. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. भरलेली बाटली घरी नेणाऱ्या बाईला त्या शाबासकी द्यायच्या. मी दिली नाही.