मार्तंडभाऊंचा हात

नागावात घर बांधायचं असो की होमस्टेची खोली वाढवायची असो, नकाशा मार्तंडभाऊंचाच. माणूस एक नंबरचा हेकट. भिंत हातभर सरकवा म्हटलं, की "मग तुम्हीच काढा" म्हणून मोकळे! पण रेघ अशी, की गवंडी ओळंबा लावायचा तो निव्वळ सवयीने.

यंदा दसऱ्यानंतर ती रेघ बिघडली. संगणकावरचा बाण न्यावा एकीकडे, तो थरथरत जाई भलतीकडे. मी शेजारी, जाता-येता डोकावायचो. भाऊंनी बिनतारी माऊसचा सेल बदलला. संगणकाच्या मागे खोचलेला पेराएवढा रिसीव्हर काढून पुढे लावला. टेबलाची काच नडत असेल म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. थरथर तशीच.

"नवा घ्या की," मी म्हटलं.

"माऊस बिघडलाय असं कुणी सांगितलं तुला?" ते खेकसले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊंच्या वडिलांना कंपवात होता. शेवटी शेवटी त्यांना साधी सही जमत नसे. भाऊंना शंका माऊसची नव्हतीच, स्वतःच्या हाताची होती. आलेली कामंही ते गुपचूप रेवदंड्याला नकाशे काढणाऱ्या प्रणालीकडे धाडू लागले होते. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. एवढा चौकस माणूस, सगळं तपासतो आणि नेमकं तेवढंच सोडतो!

"भाऊ, हात काढा बघू त्यावरून."

"कशाला?"

"काढा तर खरं."

काढवेना त्यांना. हात काढला आणि बाण शहाण्यासारखा गप्प राहिला, तर? शेवटी डोळे मिटून त्यांनी हात मांडीवर घेतला.

"बघा," मी म्हटलं.

बाण आपला आपणच थरथरत होता.

मग काय, भाऊंच्या अंगात वारं भरलं. माऊस उलटा केला. पोटाशी लाल दिवा, तो नेहमीचाच. बटण बंद केलं, तरी लालच! नखाने खरवडून त्यांनी नाकाशी नेलं.

"कुंकू!"

अंबिकावहिनी स्वयंपाकघरातून आल्या. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत माऊसही पाटावर होता.

"वर लावलं की तुमचं बोट भरतं आणि ओरडता माझ्यावर," त्या म्हणाल्या. "म्हणून खाली लावलं, त्या खळग्यात."

कापूस झाला, काडी झाली, पण ओलं कुंकू पार आत मुरलं होतं. संध्याकाळी मी अलिबागहून वायरचा माऊस आणून दिला. भाऊंनी एक रेघ ओढली. मग दुसरी. मग उगाचच चार खोल्यांचं घर काढलं आणि प्रणालीला फोन करून कामं परत मागितली.

वहिनींनी चहा आणला. कप काठोकाठ भरलेला.

"एवढा भरतात का?" भाऊ कुरकुरले.

"दसऱ्यापासून अर्धाच देत होते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या हातून सांडलेला मला बघवला नसता."