सुनंदाताईंनी बुजवलेला कोपरा

सुनंदाताई कांबळे पडद्याकडे बघायच्याच नाहीत. कुणी त्यांचा गेम खेळायला बसलं, की खुर्चीमागे उभ्या राहून त्याचे खांदे बघायच्या आणि तोंडातून काय निघतंय ते ऐकायच्या. "हरल्यावर माणसानं स्वतःला शिवी दिली, तर चित्र बरोबर. गेमला दिली, तर चूक माझी," हा त्यांचा कायदा.

चाकणला माझ्या कांद्याच्या गाळ्यावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. त्यांचे वडील देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. हाताला शिस्त तिकडून आलेली. गेम जुन्या काळ्यापांढऱ्या कार्टूनसारखा. एकेक हालचाल त्या कागदावर पेन्सिलीने काढायच्या, मग ती कॉम्प्युटरवर चढायची. शेवटचा शत्रू कांदेशेठ: ढेरपोट्या, कांदे फेकून मारणारा. त्याच्या मिशा कुणाच्या, हे मी कधी विचारलं नाही.

हमाली करून गाळा घेतलेला माणूस मी. हरणं मला पचत नाही. कांदेशेठकडून मार खाऊन खाऊन शेवटी मी एक जागा शोधली. डाव्या कोपऱ्यात पोत्यामागे उभं राहिलं की एकही कांदा लागत नव्हता. जिंकलो! अख्ख्या मार्केटला चहा पाजला.

पुढच्या अपडेटला पोतं गायब. पहिलाच कांदा टाळक्यात. मी तसाच जिना चढलो.

"ताई, माझा कोपरा कुठाय?"

"बुजवला, भाऊ."

"मेहनतीनं शोधलेला! निदान अर्धा तरी ठेवा."

"अर्धा कोपरा कसा असतो?" त्या हसल्या. "इथं घासाघीस नाही चालायची. तुम्ही जिंकत नव्हता, लपत होता."

लपत होता! मला! माझं डोकं फिरलं. "मग तुमचा शेठ तरी सांगून मारतो का? कांदा कधी येणार, माणसाला कळायला नको?"

हसू थांबलं. "बसा," त्या म्हणाल्या. "परत खेळा." आणि खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून माझी सुटका नाही. दर अपडेटला मला वर बोलावणं. कधी शेठचा हात सावकाश उठायचा, कधी पाय आपटायचा. मी हरायचो, गेमच्या सात पिढ्या उद्धरायचो, आणि त्या निमूटपणे खोडरबर उचलायच्या. "तुमच्याइतका चिडका माणूस शोधून मिळायचा नाही," म्हणायच्या. हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरत नाही.

मग त्यांना हैदराबादला नोकरी लागली. सामान टेम्पोत चढत होतं आणि मी खाली एका ड्रायव्हरशी भाड्यावरून वाद घालत होतो. "शेवटचं अपडेट टाकलंय," त्या म्हणाल्या. "भांडून झालं की बघा."

रागाने मी बरेच दिवस गेमला हात लावला नाही. मग एकदा लिलाव संपल्यावर गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर बसलो. कांदेशेठ आता फेकण्याआधी श्वास ओढत होता. गाल टम्म फुगत होते. तरी कांदा बसलाच, आणि माझ्या तोंडून निघालं, "गाल फुगलेले दिसत होते की रे, गाढवा!"

मी झटकन मागे वळलो. खुर्चीमागे नुसती पोती.

एवढ्या शिव्या बाईंनी ऐकून घेतल्या. नेमकी ही, मी मलाच दिलेली, ऐकायला थांबल्या नाहीत. त्याचाच राग आहे.