कुसळं परत करायची बाग

सोलापूर स्टेशनावर उतरलो, तर मामा मला शोधायचं सोडून बाकावर बसून धोतरातली कुसळं (सुकल्या गवताची टोकदार टोकं) उपटत होते. उपटलेलं प्रत्येक कुसळ काडेपेटीत जात होतं. मी पाया पडलो आणि विचारलं, "मामा, हे काय जपून ठेवताय?"

"बागेची आहेत," मामा म्हणाले. "परत टाकायची."

मला वाटलं, मामांना ऊन लागलं. पण टांग्यात बसल्यावर उलगडा झाला. मामा ज्या कापडगिरणीत कारकून आहेत तिचे शेठजी विलायतेला जाऊन आले. तिकडं त्यांनी म्हणे एक बाग बघितली, तिथं नवीन काही लावत नाहीत, आहे तेच राखतात. झाडं लावायला नकोत, पाणी घालायला नको आणि तरी बाग होते, हे ऐकून शेठजी किती खूश झाले असतील बघा. गावाबाहेरचा आपला मोठा माळ (उजाड गवताळ रान) त्यांनी लोकांना देऊन टाकला. तिथं ज्वारी येत नव्हती आणि कापूसही येत नव्हता, हे टांगेवाल्यानं आम्ही न विचारताच सांगितलं. मामा या बागेचे चिटणीस. नियम एकच, माळावरची काडीसुद्धा बाहेर जाता कामा नये. उद्या गोऱ्या कलेक्टरसाहेबांच्या हातून उद्‌घाटन.

घरी मामीनं कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही वाढलं. चटणीनं कानातून वाफा निघाल्या, तरी मी मागून मागून खाल्ली. उन्हं उतरल्यावर माळावर गेलो.

खरं सांगू, चेष्टा करायच्या तयारीनं गेलो होतो आणि चेष्टाच विसरलो. जिथवर नजर जाईल तिथवर पिवळं गवत, वाऱ्याबरोबर लवणारं. लांब काळविटांचा कळप. मधोमध एक तळं. तळ्याकाठी एक माळढोक (जवळजवळ माणसाच्या कमरेइतका उंच पक्षी) छाती काढून चालला होता. मामा हळूच म्हणाले, "शेठजी अगदी असेच गिरणीत शिरतात."

तारेच्या कुंपणाबाहेर एक बाई घोंगडं पांघरून उभी होती, मागं मेंढरांचा कळप. मामा म्हणाले, "ही बायाक्का. मेंढरांना पाणी इथंच पाजते. म्हणजे, पाजत होती."

"चिटणीस," बायाक्का म्हणाली, "पानी आत आन तोंडं भाईर, ही कसली बाग? दुसरं पानी लई लांब हाय. काल दोन कोकरं वाटंतच पडली."

"अर्ज दे, बायाक्का. कमिटीपुढं ठेवतो."

"कमिटीला तहान लागत न्हाय, व्हय?"

मामांनी मला फाटकाकडं वळवलं.

बाहेर पडताना फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "पाव्हणं, धोतर झाडा." माझ्या पुढं उद्‌घाटनाआधीच माळ बघून निघालेलं विणकरांचं एक तेलुगू कुटुंब होतं. त्यांच्या आजीच्या लुगड्यातली कुसळं निघता निघता अंधारून आलं. आजी तेलुगूत काहीतरी पुटपुटली. अर्थ कळला नाही, पण तो आशीर्वाद नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांडव, सनई, गुलाबपाणी, सगळा थाट. शेठजींचं भाषण रंगात आलं. "या माळावर जे जे आहे ते ते असंच राहील. इथून काही हलणार नाही."

तारेपलीकडून आवाज आला, "मग आमाला का हलवलं?"

सगळ्या माना वळल्या. बायाक्का तारेला धरून उभी होती. "माजा सासरा हितं मेंढरं राखत म्हातारा झाला. हरणं आत आन मेंढरं भाईर, असं का, शेठ?"

मामांनी घाईनं समजूत घातली, "बायाक्का, हरणं म्हणजे निसर्ग. मेंढरं निसर्गात येत नाहीत."

"मग ती काय गिरणीत विणली व्हय?"

मांडवात मागं बसलेले गिरणीकामगार खो खो हसले. शेठजींचा चेहरा उतरला. कलेक्टरसाहेबांना मराठी बऱ्यापैकी येत होतं. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलते. आमच्या देशात मोठ्या बागेत मेंढ्या चरतात. शेठ, तुम्ही पाहिल्या असणार."

"पाहिल्या तर," शेठजी लगेच म्हणाले. "म्हणून तर बाईंना मुद्दाम बोलावलंय. चिटणीस, फाटक उघडा."

मेंढरं तळ्यावर तुटून पडली. पाणी पिण्याचा तो चुळुचुळु आवाज मांडवापर्यंत येत होता, आणि शेठजी तो जणू आपणच काढतोय अशा चेहऱ्यानं ऐकत होते.

मांडव रिकामा झाल्यावर कळप गवतातून फाटकाकडं निघाला. नेमाप्रमाणं पहारेकरी आडवा झाला. एकेका मेंढराच्या लोकरीत कुसळंच कुसळं. बायाक्का खाली बसली, तळहातावर तंबाखू चोळायला लागली.

"काढ बाबा सावकाश. आमाला घाई न्हाय. उद्या परत येनारच हाय."

पहारेकऱ्यानं मामांकडं बघितलं. मामांनी खिशातून काडेपेटी काढली, उघडली आणि सगळी कुसळं फाटकाबाहेर झटकली. "सोड रे त्यांना," म्हणाले.

मी माझ्या घरी परतल्यावर पिशवी उपसली तर धोतराच्या काठात एक कुसळ निघालंच. शेठजींनी माळ राखला, नाही म्हणणार नाही. पण तो लोकांना देताना बायाक्काच्या मेंढरांचं पाणी आपण काढून घेतलं, हे तिनं सांगेपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुसळ मी मागच्या अंगणात खोचून ठेवलंय. आई रोज विचारते, हे काय लावलंस. मी सांगतो, बाग आहे, हात लावायचा नाही.