शिवकन्याला धरा

मी कबड्डीचा पंच आहे आणि स्वभावाने तापट आहे. माझ्या शिट्टीआधी माझा आवाज पोचतो, असं खेळाडू म्हणतात. म्हणोत बापडे. पण चारठाण्याच्या शिवकन्यापुढे मलासुद्धा आवाज खाली घ्यावा लागतो.

चढाईला निघाली की ही पोर समोरच्या साती जणींकडे अशी बघायची, जणू कुणाला आधी बाद करायचं ते घरूनच ठरवून आलीय. जिल्ह्याच्या संघात तिची जागा पक्की होती. ऐन भरात असताना खोकला लागला, वजन उतरलं आणि टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, वर अंगात ताकद भरेपर्यंत आणखी तेवढेच. हा सगळा दमाचा खेळ आणि हिचं फुप्फुसच आजारी! लोकांनी तिला केव्हाच खेळातून वजा केलं. तिने स्वतःला केलं नाही. जरा बरं वाटताच ती शेताच्या बांधावरून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत चालायची, मग पळायला लागली. डॉक्टरांनी पूर्ण बरी झाल्याचं सांगितलं, त्याच आठवड्यात बाई मैदानावर हजर.

यंदा सेलूच्या सामन्यांत ती परत उतरली. पंच मीच होतो. पहिल्या चढाईत दोघी बाद, दुसऱ्या चढाईत तिघी. लोक टाळ्या पिटत होते. माझं मात्र डोकं तापलं, कारण मला जवळून दिसत होतं. समोरच्या पोरी तिला धरतच नव्हत्या. ती आली की मागे सरायच्या; एक तर पळता पळता आपणहून रेषेबाहेर गेली. आजाराची भीती, दुसरं काय!

मध्यंतरात शिवकन्या तरातरा माझ्याकडे आली.

"सर, ह्या मला धरंनात."

"धरलंच पाहिजे असा नियम नाही गं. गुण मिळतायत ना?"

"असले गुण काय चाटायचेत? भूत बघितल्यावानी पळायल्यात. मी खेळायला आले, सर."

एवढं बोलून ती सरळ समोरच्या संघात घुसली. त्यांची कर्णधार प्रियांका. तिच्या हातात कुणाचा पाय सापडला की सुटत नाही, असा तिचा लौकिक.

"प्रियांका, मागं माझा पाय धरून फरफटत नेलतंस मला. आज हाताला काय झालं?"

प्रियांकाने मान खाली घातली. "घरी तान्हं लेकरू हाय गं."

"भ्यायचं तर भी, पण आधी इचार तरी! औषध कवाच संपलं, आजार बी गेला. डाक्टर म्हनले, आता हिच्यापासून कुनाला काय व्हत न्हाई. माझी माय माझ्याच ताटात जेवती. ती बघ, कशी ठणठणीत बसलीय."

रेषेलगत बसलेल्या धुरपताबाईंनी तिथूनच हात हलवला.

दुसऱ्या डावात शिवकन्या चढाईला गेली. मुद्दाम सापडायला गेली असती तर मीच खवळलो असतो. पण चढाई खरी होती. तिने कोपऱ्यातल्या पोरीला शिवलं आणि गर्रकन वळली. प्रियांका क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने अंग झोकून दिलं आणि शिवकन्याचा घोटा दोन्ही हातांनी पकडला.

शिवकन्याने तिला तशीच ओढत आणली. तेवढ्यात बाकीच्या येऊन अंगावर पडल्या. त्या ढिगाऱ्याखालून 'कबड्डी, कबड्डी' ऐकू येत होतं, खणखणीत, न तुटता. तिचा हात मध्यरेषेच्या दिशेने सरकत होता; बोटभर अंतर राहिलं आणि आवाज थांबला. दम संपला म्हणून नाही. तिला हसू फुटलं होतं.

मी शिट्टी फुंकली. शिवकन्या बाद. तिच्या बाजूचे लोक हळहळले. एकट्या धुरपताबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत ओरडल्या, "धरली! माझ्या लेकीला धरली!"