रानातलं रक्त

चूक माझी होती, आणि ती अर्धवट वाचनातून झाली. डिचोलीच्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवतो. त्या वर्षी, शेती सुरू होण्याआधी शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांविषयी एक लेख वाचला. त्यांच्या हाडांमधून मिळालेल्या, रोगांशी लढणाऱ्या जनुकांत भरपूर वैविध्य होतं म्हणे. मी त्यातून एवढंच उचललं, की रानातल्या माणसाचं रक्त पक्कं असतं.

मुळगावच्या आमच्या काजूच्या बागेत दोडामार्गाकडची एक मावशी दर हंगामात बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायला येते. तेव्हा आसपासच्या रानांत माकडताप होता. तो पसरवणाऱ्या गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायच्या तेलाच्या दोन बाटल्या आरोग्य केंद्राच्या बाईने घरी आणून दिल्या. त्यातली एक मावशीसाठी होती. मी दोन्ही घरात ठेवल्या. तिने विचारलं तेव्हा वर धडाही दिला, "तुम्हाला कशाला तेल, मावशी? तुमचे पूर्वज रानातले. औषध रक्तातच आहे तुमच्या."

"मास्तर सांगतत म्हणजे खरांच असतला," म्हणून ती पाटी घेऊन कामाला गेली.

आठवड्याभरात ती तापाने फणफणली. इस्पितळात न्यावं लागलं. "तेल दिलं होतं ना तिला?" बायकोने विचारलं. मी "हो" म्हणालो.

मावशी इस्पितळात होती त्या दिवसांत मी तो लेख पुन्हा काढला. एकाचं शरीर एका रोगाला पुरून उरायचं, दुसऱ्याचं दुसऱ्याला. साथ आली की काही मरायचे, काही वाचायचे, आणि टोळी टिकायची. प्रत्येक माणूस टिकायचा, असं त्यात कुठेच नव्हतं. वर्गात मी दरवर्षी हेच बरोबर शिकवत आलो होतो.

मावशी बरी झाली. पुढच्या हंगामात आलीही. सकाळचं ऊन झाडांतून खाली उतरलं होतं, बोंडवांचा आंबूस वास सुटला होता, आणि ती बसून बिया पिळून काढत होती. तिला पुन्हा तिथे बघून इतकं बरं वाटलं, की गप्प राहणं जमेना. बायको चहा घेऊन आली होती. तिच्यादेखतच म्हणालो, "मावशी, गेल्या वर्षी एक बाटली तुमची होती."

तिचे हात थांबले नाहीत. "ठावक आसा माका. तेल देवक इल्लल्या बायेन तेव्हाच सांगितल्यान."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तर कितके दिस गप रवतत, ता बघी होतंय." मग मान वर करून म्हणाली, "आणि माझो आजो रानातलो न्हय हां! सावंतवाडीच्या बाजारात मडकी विकी तो."

बायकोला हसू आलं, पण माझ्याकडे बघताच ते मावळलं. तिच्याशीही मी खोटं बोललो होतो, ते तिथेच कबूल केलं. मग मावशीसमोर जमिनीवर बसलो.

"चुकलो, मावशी. तुमच्या जिवाशी खेळलो, आणि त्याला शास्त्राचं नाव दिलं. वर वर्षभर तोंड लपवलं. मला माफ करा."